गिअर बदलताना हरवणारा पाव सेकंद

लहानपणी एसटीत चढलो की मी ड्रायव्हरच्या अगदी मागची सीट धरायचो, कारण तिथून गिअरचा दांडा दिसायचा. घाट चढताना बस दमली की ड्रायव्हरमामा क्लच दाबायचे, दांडा न्यूट्रलला आणायचे, क्लच सोडायचे, ॲक्सिलरेटरला हलकी टाच द्यायचे, पुन्हा क्लच दाबायचे आणि मग दांडा खालच्या गिअरमध्ये सरकवायचे. एका गिअरसाठी दोनदा क्लच का, हे मला कितीतरी वर्षं कळलं नव्हतं. पुढे नोकरीनिमित्त अमेरिकेत मिशिगनला राहायला गेलो. शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये टेबलावर उघडलेला साठच्या दशकातला एक गिअरबॉक्स पाहिला, तेव्हा त्या दोन क्लचचा अर्थ लागला. त्याबरोबरच अमेरिकन ड्रॅग रेसिंगमधल्या जुन्या गिअरबॉक्सचं सगळं जग उघडलं. मला ते अजूनही विलक्षण वाटतं. सुरुवातीपासून सांगतो.

ड्रॅग रेस म्हणजे सरळ रस्त्यावर दोन गाड्यांची पाव मैलाची शर्यत. पाव मैल म्हणजे १३२० फूट, साधारण ४०२ मीटर. वळणं नाहीत, डावपेच फारसे नाहीत. उभ्या जागेवरून निघायचं आणि आधी पोहोचायचं. वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली आणि रस्त्यावरच्या या खेळाला नियम, पट्टी आणि वर्गवारी मिळाली. १९७० मध्ये या संस्थेने प्रो स्टॉक हा वर्ग सुरू केला. दिसायला शोरूममधल्या गाड्या, आत मात्र सगळं शर्यतीचं. त्या पहिल्या वर्षी चांगली गाडी पाव मैल दहा सेकंदांच्या आसपास कापायची.

आता हिशेब करून बघा. चार गिअरची गाडी असेल तर वाटेत तीनदा गिअर बदलायचा. प्रत्येक वेळी क्लच दाबला की इंजिन आणि चाकं यांची ताटातूट होते. समजा एका वेळेला पाव सेकंद गेला, तर दहा सेकंदांच्या शर्यतीत पाऊण सेकंद इंजिन चाकांना काहीच देत नाही. ज्या खेळात हार-जीत सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठरते, तिथे पाऊण सेकंद म्हणजे अख्खी जहागीर. जुन्या रेसिंग गिअरबॉक्समधली प्रत्येक करामत हा पाव सेकंद परत मिळवण्यासाठी केलेली आहे, आणि प्रत्येक करामतीने बदल्यात काहीतरी घेतलं आहे. काय मिळवलं आणि काय गमावलं, हे दोन्ही पाहिल्याशिवाय हे गिअरबॉक्स समजत नाहीत असं मला वाटतं.

गिअर बदलताना आत नेमकं काय होतं ते आधी पाहू. आपल्याला वाटतं की दांडा सरकवला की एक दातेरी चाक दुसऱ्याजवळ जातं आणि दाते एकमेकांत अडकतात. बहुतेक गिअरबॉक्समध्ये तसं होत नाही. पुढे जाण्याच्या सगळ्या गिअरचे दाते कायम एकमेकांत गुंतलेलेच असतात आणि कायम फिरत असतात. मेनशाफ्टवर, म्हणजे चाकांकडे जोर नेणाऱ्या मुख्य अक्षावर, मात्र ते मोकळे फिरतात, हातात सैल असलेल्या बांगडीसारखे. दांडा सरकवला की शाफ्टबरोबर फिरणारी एक बाही त्या गिअरकडे सरकते आणि त्याच्या कडेला असलेल्या छोट्या दात्यांत जाऊन अडकते. मग तो गिअर आणि शाफ्ट एकजीव होतात. म्हणजे अडकण्याचं काम मोठे दाते करत नाहीत, कडेचे छोटे दाते करतात. इंग्रजीत त्यांना डॉग म्हणतात, आपले मिस्त्रीही डॉग टीथच म्हणतात.

अडचण अशी की बाही एका वेगाने फिरत असते आणि गिअर दुसऱ्या. वेग जुळले नाहीत तर करकर होते, दाते खाल्ले जातात. माझ्या एसटीतले ड्रायव्हरमामा नेमकं हेच टाळत होते. मधे न्यूट्रलमध्ये क्लच सोडून ॲक्सिलरेटर दिला की आतले गिअर वेग घेतात, बाहीच्या वेगाशी जुळतात आणि दांडा अलगद पडतो. पायाच्या अंदाजाने दोन फिरत्या चाकांची गाठ घालून देण्याचं ते काम होतं. आजच्या गाड्यांत ते सिंक्रोनायझर करतो. ही पितळेची एक रिंग असते, आतून शंकूसारखी. दांडा सरकवला की आधी ही रिंग गिअरच्या शंकूवर घासते, ब्रेकसारखी, आणि वेग जुळेपर्यंत बाहीला पुढे जाऊच देत नाही. जुळले की वाट मोकळी. आजोबांनी ती रिंग माझ्या हातात दिली होती. आतल्या बाजूला दोऱ्यासारख्या बारीक खाचा होत्या, नखाला जाणवणाऱ्या. मधला तेलाचा थर या खाचा कापतात. त्या झिजून गुळगुळीत झाल्या की गिअर करकरायला लागतो.

सिंक्रोचा शोध रोजच्या गाडीसाठी वरदान आहे. शर्यतीसाठी मात्र ही रिंग म्हणजे दारातला पहारेकरी. "थांबा, वेग जुळू द्या" म्हणते. थांबायला वेळ कुणाला आहे?

अमेरिकेत कारखान्यातूनच चार गिअरचे दणकट बॉक्स यायला लागले ते पन्नाशीच्या अखेरीस. १९५७ मध्ये कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारला बोर्ग-वॉर्नरचा टी-१० मिळाला. १९६३ पासून जनरल मोटर्सने इंडियाना राज्यातल्या मन्सी गावी स्वतःचा बॉक्स बनवायला घेतला, त्याचं नावच मन्सी पडलं. १९६४ मध्ये फोर्डचा टॉपलोडर आणि क्रायस्लरचा ए-८३३ आले. हे चार बॉक्स म्हणजे या सगळ्या गोष्टीचा पाया. कारखान्याने दिलेला दांडा आणि त्याच्या सळ्या मात्र बऱ्याचदा ढिल्या असायच्या, घाईत गिअर चुकायचा. तिथे पेनसिल्व्हेनियाच्या जॉर्ज हर्स्ट यांनी आपले जाड, घट्ट, मोजक्या अंतराचे शिफ्टर विकायला सुरुवात केली. बाहेरून बसवायच्या भागांमध्ये हर्स्टचा दांडा इतका गाजला की पुढे गाड्यांच्या कंपन्याच तो कारखान्यात बसवून द्यायला लागल्या.

मन्सीचे तीन प्रकार होते आणि त्यांचे आकडे समजून घेतले की पुढचं सगळं सोपं होतं. गिअरचं गुणोत्तर २.२० म्हणजे इंजिन २.२० फेरे मारतं तेव्हा मागे जाणारा शाफ्ट एक फेरा मारतो, आणि जोर तितक्याच पटीने वाढतो. १९६६ नंतरच्या एम-२० ची गुणोत्तरं होती २.५२, १.८८, १.४६ आणि १.००. एम-२१ ची २.२०, १.६४, १.२८ आणि १.००. पहिल्या गिअरमध्ये एम-२० जास्त जोर देतो. पण शेवटचा गिअर टाकताना बघा: मिनिटाला ७००० फेऱ्यांवर गिअर बदलला तर एम-२० मध्ये इंजिन साधारण ४८०० वर घसरतं, एम-२१ मध्ये ५४७० च्या आसपास राहतं. शर्यतीचं इंजिन वरच्या फेऱ्यांतच खरी ताकद देतं, खाली ते मरगळतं. म्हणून गिअर जवळजवळचे हवेत. याला क्लोज रेशो म्हणतात.

तिसरा प्रकार एम-२२, टोपणनाव रॉक क्रशर, म्हणजे दगड भरडणारा. गुणोत्तरं एम-२१ चीच, पण दात्यांचा तिरकेपणा कमी. तिरक्या दात्यांचे गिअर गुळगुळीत आणि शांत चालतात, कारण दाता एकदम आदळत नाही, एका टोकापासून हळूहळू भिडतो. पण तिरकेपणामुळे गिअर एकमेकांना शाफ्टच्या लांबीच्या दिशेने ढकलतातही. जोर वाढला की हा धक्का बेअरिंगला आणि बॉक्सच्या बाहेरच्या कवचाला सोसावा लागतो. दाते सरळ केले की धक्का जातो आणि आवाज येतो. तो आवाज तुम्ही रोज ऐकता. आपली साधी हॅचबॅक मागे घेताना जी "ऊंऊं" ऐकू येते ती बहुतेक गाड्यांत रिव्हर्सचे दाते सरळ असतात म्हणून. एम-२२ मध्ये दाते पूर्ण सरळ नव्हते, सरळाच्या जवळ जाणारे होते, त्यामुळे तो पुढे जातानाही गुरगुरायचा. शांतता घालवली, ताकद मिळवली.

पण पाव सेकंदाचा प्रश्न तसाच होता. तो आधी माणसांनी सोडवला. नॉर्थ कॅरोलायनाच्या बर्लिंग्टनचे रॉनी सॉक्स चार गिअरच्या प्लिमथ गाड्या चालवायचे आणि लोक त्यांना मिस्टर फोर स्पीड म्हणायचे. ॲक्सिलरेटरवरून पाय न काढता, क्लचला जेमतेम शिवून दांडा ओढायचा, याला पॉवर शिफ्ट म्हणतात. त्या काळात या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. तरीही १९७० च्या कॅलिफोर्नियातल्या पोमोनाच्या विंटरनॅशनल्स स्पर्धेत, प्रो स्टॉकच्या पहिल्याच शर्यतीत, अंतिम फेरीत बिल जेंकिन्स यांनी आपल्या कॅमेरोने सॉक्सना हरवलं. दोन्हीकडे चार गिअरचा हातानं बदलायचा बॉक्सच होता.

माणसाच्या हाताला मर्यादा आहे म्हटल्यावर मिस्त्री बॉक्सच्या आत शिरले. पहिली करामत म्हणजे स्लिक शिफ्ट. सिंक्रोच्या पितळी रिंगा काढून टाकायच्या आणि डॉग दात्यांपैकी एकाआड एक दाता घासून काढायचा. आता दोन दात्यांमधली फट दुपटीहून मोठी झाली, त्यामुळे वेग थोडे वेगळे असले तरी बाहीला शिरायला मोकळी जागा सापडते. रिकाम्या लोकलमध्ये धावत चढणं आणि भरलेल्या लोकलमध्ये चढणं यात जो फरक आहे तोच. यापुढची पायरी म्हणजे छोटे दाते पूर्ण काढून गिअरच्या तोंडावर मोजकेच, मोठे, जाड डॉग बसवायचे. त्यांच्या कडा किंचित आत कापलेल्या असतात, कबुतराच्या शेपटीसारख्या. जोर आला की ते एकमेकांना आणखी घट्ट ओढून घेतात, आपोआप सुटत नाहीत.

याची किंमत रस्त्यावर कळते. सिग्नलला हळू येताना अशा बॉक्समध्ये गिअर टाकला की हातोडा मारल्यासारखा ठणका बसतो, आणि थोडासा अंदाज चुकला की डॉगच्या कडा गोल व्हायला लागतात. कडा गोल झाल्या की गिअर जोराखाली बाहेर उडी मारतो. त्यामुळे अशा बॉक्सला धीटपणे, पूर्ण वेगाने गिअर मारणंच सगळ्यात सुरक्षित. हळुवारपणा त्याला मारतो. नव्या माणसाला हे उलटं वाटतं, पण बॉक्सच्या आतलं पाहिलं की लगेच पटतं.

मधे एक वेगळीच वाटही निघाली. कॅलिफोर्नियाच्या बी अँड एम ने क्रायस्लरचा टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिक बॉक्स घेतला, त्याचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनचा जोर तेलातून पुढे देणारा भाग, काढला आणि जागी साधा कोरडा क्लच बसवला. नाव क्लचफ्लाइट. निघताना क्लच, पुढे गिअर ऑटोमॅटिकसारखे. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ही कल्पना चालली.

आता लेन्को. माझ्या मते गाड्यांच्या कंपन्यांबाहेर बनलेल्या जुन्या बॉक्समध्ये ही सगळ्यात देखणी कल्पना. सॅन डिएगोच्या लिओनार्ड ॲबट यांनी ती काढली, त्यांच्याच नावावरून लेन्को. त्यांनी सरकणारी बाही, डॉग, सिंक्रो हा सगळा संसारच बाजूला ठेवला आणि प्लॅनेटरी गिअर घेतले: मधे एक सूर्य, भोवती ग्रह, बाहेरून कंकण. अशा एका संचाचा एक भाग अडवून धरला की बाकीचा वेग कमी होतो आणि जोर वाढतो. सगळे भाग एकत्र बांधले की अख्खा संच एक ठोकळा होऊन फिरतो आणि गुणोत्तर १.०० होतं.

लेन्कोमध्ये असे संच डब्यांसारखे एकामागून एक जोडलेले असतात, जेवणाचा पुडाचा डबा आडवा ठेवावा तसे. तीन डबे लावले की चार गिअर मिळतात. समजा प्रत्येक डब्याचं गुणोत्तर १.४ आहे. सुरुवातीला तिन्ही डबे काम करतात, म्हणजे १.४ गुणिले १.४ गुणिले १.४, साधारण २.७४. हा पहिला गिअर. एक दांडा ओढला की एक डबा बांधला जातो, उरतो १.९६. दुसरा ओढला की १.४. तिसरा ओढला की सगळेच बांधलेले, सरळ १.००. प्रत्येक डब्याला आपला दांडा, म्हणून ड्रायव्हरच्या बाजूला तीन-चार दांड्यांची रांग दिसते. इंग्रजी एच सारख्या वाटेने दांडा फिरवायचा प्रश्नच नाही, त्यामुळे गिअर चुकायचाही नाही.

पण खरी गंमत अडवून धरण्यात आहे. डब्यातला तो भाग एकाच दिशेने अडतो, सायकलच्या फ्रीव्हीलसारखा. दांडा ओढल्यावर आतल्या क्लच प्लेटा डब्याला बांधायला लागतात आणि त्यांनी भार घेतला की अडवणारा भाग आपोआप मोकळा होतो. काही सोडवावं लागत नाही. जुना गिअर सुटला आणि नवा अजून लागला नाही असा क्षण इथे नाहीच, मधे न्यूट्रलच येत नाही. पाय ॲक्सिलरेटरवर पूर्ण दाबलेला, क्लच पेडल फक्त निघताना, आणि इंजिन चाकांना सतत रेटत राहतं. तो पाव सेकंद जवळजवळ संपूर्ण परत मिळाला. सत्तरच्या दशकात हा बॉक्स ड्रॅग रेसिंगमध्ये पसरला तो यामुळे.

गमावलं काय? फ्रीव्हील एकाच दिशेने धरतं, म्हणून खालच्या गिअरमध्ये पाय काढला तर इंजिन गाडीला रोखत नाही, गाडी मोकळी पळते. घाट उतरताना आपण गिअरवर गाडी धरतो, ते इथे विसरायचं.

या खेळात बॉक्स फुटणं म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ८ मार्च १९७० ला लाँग बीचच्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्स निघायच्या रेषेवर होते. त्यांच्या ड्रॅगस्टरमध्ये, म्हणजे फक्त ड्रॅग रेससाठी बनवलेल्या लांब गाडीत, इंजिन पुढे, ड्रायव्हर मागे, आणि पायांच्या मधोमध दोन गिअरचा बॉक्स. निघताना तो बॉक्स फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले आणि गार्लिट्सच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. दवाखान्यात पडल्या पडल्या ते इंजिन मागे टाकायचा विचार करू लागले, आणि १९७१ मध्ये मागे इंजिन असलेली स्वॅम्प रॅट १४ घेऊन ते पोमोनाला जिंकले. थोड्याच वर्षांत पुढे इंजिन असलेले मोठे ड्रॅगस्टर मागे पडले. म्हणून जुन्या गाडीत जोरदार इंजिन बसवणाऱ्या कुणालाही मी आधी एकच विचारतो: बेल हाऊसिंग कुठलं? क्लच आणि फ्लायव्हील (इंजिनच्या मागचं जड चाक) यांच्यावर बीडाचं किंवा ॲल्युमिनियमचं मूळ झाकण असेल तर आधी ते काढून जाड पोलादाचं बसवा. फुटलेला फ्लायव्हील तुमच्या घोट्याच्या उंचीवर असतो.

शेवटचा मोठा खेळाडू डग नॅश. ते स्वतः ड्रॅग रेसर होते, नंतर त्यांनी पाच गिअरचे बॉक्स बनवले. त्यांचा फोर प्लस वन शर्यतीत चालला आणि त्याच्याच घरातला पाच गिअरचा बॉक्स रस्त्यावरच्या गाड्यांसाठी आला. पुढे रिचमंड गिअरने तो बनवणं चालू ठेवलं. आपल्याकडे पाच गिअर म्हटलं की पाचवा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनला आराम देणारा, असं गृहीत असतं. नॅशच्या बॉक्समध्ये पाचवा सरळ १.००. गुणोत्तरं ३.२७, २.१३, १.५७, १.२३ आणि १.००. जास्तीचा गिअर वर लावलेला नाही, खाली लावला आहे.

मग फायदा काय? इथे कागद-पेन्सिल घ्या. निघताना चाकाला मिळणारा जोर म्हणजे पहिला गिअर गुणिले मागच्या ॲक्सलचं, क्राऊन-पिनियनचं गुणोत्तर. एम-२१ बरोबर शर्यतवाले ४.५६ चा ॲक्सल लावायचे: २.२० गुणिले ४.५६, म्हणजे १०.०३. नॅशच्या बॉक्सबरोबर ३.०८ चा सौम्य ॲक्सल लावा: ३.२७ गुणिले ३.०८, म्हणजे १०.०७. निघताना दोन्ही गाड्या सारख्याच उसळतील. आता हायवेवर या. साधारण २७ इंच व्यासाचं चाक धरलं तर ताशी १०० किलोमीटरला पहिल्या गाडीचं इंजिन ३५०० हून जास्त फेरे मारत किंचाळत असेल, दुसरीचं २४०० च्या आसपास. शनिवारी शर्यत आणि सोमवारी त्याच गाडीने कामावर, हे ज्याला हवं होतं त्याला हे उत्तर मिळालं. शिवाय १.०० चा गिअर म्हणजे इंजिनचा जोर आतल्या खालच्या शाफ्टवरून न फिरता सरळ आरपार जातो, त्यामुळे टॉप गिअरमध्ये दात्यांवर भारच नाही. वरच्या गिअरमधलं अंतरही कमी: ७००० वर चौथ्यातून पाचव्यात गेलं तर इंजिन ५७०० च्या आसपासच उतरतं.

नॅशचं नाव कारखान्याच्या गाडीलाही लागलं. १९८४ ते १९८८ च्या कॉर्व्हेटमध्ये चार गिअरच्या बॉक्समागे त्यांचा ओव्हरड्राइव्ह होता, वरच्या तीन गिअरना लागणारा, म्हणून फोर प्लस थ्री. इंधन वाचवायच्या नियमांसाठी केलेली ती तडजोड होती, आणि १९८९ मध्ये तिच्या जागी झेडएफ या जर्मन कंपनीचा सहा गिअरचा बॉक्स आला.

लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रनच्या ड्रॅग शर्यती होतात, तिथे बघायला गेलात तर कान गिअर बदलण्याकडे द्या. हातानं गिअर टाकणाऱ्या गाडीचा आवाज क्षणभर तुटतो. तो तुटण्याचा क्षण जितका लहान, तितका त्या माणसाचा हात तयार.

आता टेबलावरच्या त्या बॉक्सविषयी. आजोबांनी तो रॉक क्रशर म्हणून विकत घेतला होता, आणि एम-२२ चे पैसे मोजले होते. मन्सीची ओळख इनपुट शाफ्टवरच्या खाचांवरून करतात: १९६६ नंतरच्या बॉक्सवर दोन खाचा एम-२०, एक एम-२१, एकही नाही तो एम-२२. या शाफ्टवर खाच नव्हती. पण शाफ्ट बदलता येतो आणि लेथवर खाचही घालवता येते. त्यांनी बाजूचं झाकण काढलं, टॉर्च आत धरला आणि मला म्हणाले, "दाते बघ." मी बघितले. तेलाच्या काळपट थराखाली दाते चांगलेच तिरके होते. विकणाऱ्याने फसवलं होतं. आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग तळाचं जुनं तेल काढलेल्या भांड्यात त्यांनी चुंबक फिरवला. राखेसारखी बारीक पूड लागली, दात्याचा एकही तुकडा नव्हता. दुसऱ्या गिअरच्या डॉग दात्यांच्या कडा त्यांनी अंगठ्याने चाचपल्या, त्या अजून टोकदार होत्या. "एम-२१ आहे, पण चांगला आहे," म्हणाले, आणि पितळी रिंगा धुवायला रॉकेलचं भांडं पुढे ओढलं.